फोनने वाकवलेला गुडघा

चालण्याच्या शर्यतीत धावायचं नसतं. बातमीत कुणी हे वाक्य लिहून दिलं असतं तर मी ते पहिल्या झटक्यात कापलं असतं, इतकं ते उघड आहे. पण या खेळाची सगळी भानगड त्याच वाक्यात आहे. एक पाऊल कायम जमिनीला टेकलेलं हवं. पुढचं पाऊल जमिनीवर पडल्यापासून अंग त्याच्यावर येईपर्यंत त्या पायाचा गुडघा सरळ हवा. वाकला की ते चालणं राहत नाही. पंच कडेला उभे राहून हे नुसत्या डोळ्यांनी बघतात, आणि तीन वेगवेगळ्या पंचांनी लाल कार्ड दिलं की खेळाडू बाद.

माझी भाची मागच्या वर्षी अशी बाद झाली. विद्यापीठाच्या निवड चाचणीत ती दुसऱ्या क्रमांकावर होती आणि शेवटच्या फेरीत, कार्डांची नोंद होते त्या फळ्यावर तिच्या नंबरापुढे तिसरी लाल खूण पडली. तिन्ही खुणा वाकलेल्या गुडघ्याच्या. संघात दरवर्षी दोनच मुली घेतात. यंदा तिचं विद्यापीठातलं शेवटचं वर्ष. आताही बाद झाली तर पुन्हा चाचणी द्यायला ती विद्यापीठातच नसणार होती.

तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, हा खेळ मान्य होता, पण तो समजत नव्हता. शहराच्या कडेला असलेल्या वाडीतल्या त्यांच्या घरात बाद झाल्याची बातमी आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "लहानपणी चालायले लागली होती तवा तर कोणी कार्ड नाही दाखवलं बापा."

मी निवृत्त होऊन दोन हिवाळे झाले होते. त्याआधीचं आयुष्य एका दैनिकाच्या डेस्कवर गेलं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्यांतले आकडे तपासणं हे माझं काम. मरण पावलेल्यांचं वय, धरणातलं पाणी, मताधिक्य. घरी बसल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा मी भाजीवाल्याचा काटा तपासू लागलो आणि त्याने मला भाजी देणं बंद केलं. अशा अवस्थेत भाचीचा गुडघा माझ्या वाट्याला आला.

मोठ्या क्रीडा प्रयोगशाळांत चालण्याचं विश्लेषण कसं करतात, हे मी वाचून काढलं. भोवती अनेक कॅमेरे, कातडीवर चिकटवलेले चकाकणारे ठिपके, जमिनीत बसवलेल्या वजनाच्या पाट्या. आमच्याकडे माझा फोन होता. त्यात संथ चित्रण होत असे, आणि एक फुकट ॲप मिळालं होतं. त्यात चित्रफीत टाकली की ते माणसाच्या कमरेवर, गुडघ्यावर आणि घोट्यावर आपोआप तीन ठिपके ठेवतं, ते रेषांनी जोडतं आणि गुडघ्याचा कोन लिहून देतं. पूर्ण सरळ पाय म्हणजे एकशे ऐंशी अंश. मला हे यंत्र पहिल्या दिवशीच आवडलं. ते मोठ्या फॉन्टमध्ये आकडा देत असे आणि वर काही मत देत नसे. डेस्कवर असा वार्ताहर मला कधी मिळाला नाही.

भाची रविवारी सकाळी वाडीतल्या गोदामांमागच्या रस्त्यावर सराव करायची. ट्रक तेव्हा कडेला उभे असतात, चालक केबिनच्या सावलीत दात घासत असतात, आणि रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो. एका गोदामाच्या फाटकापाशी सिमेंटचा ठोकळा आहे. त्यावर मी फोन उभा ठेवला, मागून पाण्याच्या बाटलीचा आधार दिला. दर वेळी फोन त्याच जागी असावा म्हणून ठोकळ्यावर आणि जमिनीवर चुन्याच्या खुणा केल्या. भाची चालेल ती रेषाही चुन्याने आखली. एका चालकाने विचारलं, सर्व्हे होऊन राहिला का, रस्ता रुंद होणार का. मी त्याला नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही.

आकडा आला एकशे अडुसष्ट.

म्हणजे बारा अंश वाकलेला. मी तिला पुन्हा चालायला लावलं. एकशे सदुसष्ट. पुन्हा. एकशे अडुसष्ट. पुढच्या रविवारी तोच आकडा, त्याच्या पुढच्या रविवारी एक अंश इकडे तिकडे. तरीही माझ्यातल्या डेस्कवाल्याचं समाधान झालं नाही. एका सूत्रावर बातमी चालवायची नाही, हा आमचा नियम. म्हणून मी दुसरं ॲप उतरवलं आणि त्यात तीच चित्रफीत टाकली. एकशे अडुसष्ट. दोन सूत्रांनी दुजोरा दिला होता. मी निश्चिंत झालो.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला त्या दिवशी आठवली नाही. शहरातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांचं वय आमच्या दैनिकात एका वर्षी एकाने जास्त छापलं गेलं. पुढच्या वर्षी वाढदिवसाची बातमी करताना मागचं कात्रण काढलं आणि त्यात एक मिळवला. इतर दैनिकांनी आमच्यावरून घेतलं. त्यांची पंच्याहत्तरी शहराने एक वर्ष आधीच साजरी केली. त्यांनी फोन करून तक्रार केली तेव्हा आमच्याकडे पुरावा तयार होता. आम्ही त्यांना आमचीच पाच कात्रणं दाखवली. सगळ्यांत वय जुळत होतं. मी स्वतः ती लिफाफ्यात घालून पाठवली होती.

तर, आकडा घेऊन मी भाचीच्या प्रशिक्षकाकडे गेलो. ते चाळिशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांचं मत होतं की मुलीचा गुडघा एरवी ठीक असतो, मागच्या वर्षी शेवटी ती घाईत ढिली पडली. मी फोन पुढे केला. चित्रात तिच्या पायावर पिवळी रेषा होती आणि रेषेला कोपरा होता. शेजारी आकडा. त्यांनी चित्र मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं. मला वाटलं ते वाद घालतील. ते म्हणाले, "माझ्या डोळ्याले तर सरळच दिसते भाऊ. पण आता तुमचा आकडाच म्हणते तर मी काय बोलू?"

छापलेल्या आकड्यापुढे माणूस असाच गप्प होतो, हे मला माहीत होतं. त्याच जोरावर माझी नोकरी चालली होती.

मग चाल बदलायचं ठरलं. पाऊल लहान करायचं, टाच फार पुढे न नेता कमरेखालीच टाकायची, म्हणजे गुडघा आपोआप सरळ राहील. भाचीने ते केलं. ती शहाणी मुलगी आहे, सांगितलेलं करते. पाऊल लहान झालं तसा वेग गेला. वेग भरून काढायला ती पावलं जास्त टाकू लागली, आणि नडगीपुढचा स्नायू दुखू लागला. सरावात जी मुलगी नेहमी तिच्या मागे असायची ती पुढे जायला लागली. मी दर रविवारी कोन मोजत होतो. तो एकशे अडुसष्टच येत होता. मी म्हणायचो, अजून थोडं लहान कर.

एकदा ती गोदामाच्या ओट्यावर बसून नडगीवर बर्फ लावत होती. म्हणाली, "मामा, मले एक सांगा. मी पाय एवढा ताठ करून राहिली की रात्री झोपेतही तो वाकत नाही. मंग तुमच्या फोनात काहून वाकते?"

मी तिला सांगितलं की यंत्राला भावना नसतात. हे वाक्य मला त्या वेळी चांगलं वाटलं होतं.

चाचणी महिन्यावर आली तेव्हा मी प्रात्यक्षिक देण्याचा निर्णय घेतला. गुडघा सरळ ठेवणं हा इच्छाशक्तीचा प्रश्न आहे, असं माझं मत झालं होतं, आणि ते मी चुन्याच्या रेषेवर चालून सिद्ध करणार होतो. ट्रकचालक बघत होते. मी कंबर हलवत, हात कोपरात दुमडून, टाच टाकत निघालो. एका चालकाने दुसऱ्याला विचारलं, "याले काय झालं गा?" तेवढ्यात रस्त्याचा उतार, माझी टाच आणि माझं वय एकाच जागी आले. गुडघ्यातून आवाज आला. तो मला ऐकू आला आणि भाचीलाही.

रामदासपेठेतल्या हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून, वळवून पाहिला. स्नायुबंध ताणला गेला होता, तुटला नव्हता. कसं झालं असं त्यांनी विचारलं. चालताना, असं मी सांगितलं. त्यांनी कागदावरून मान वर करून पाहिलं. त्यांनी मांडीपासून पोटरीपर्यंत येणारा लांब नी ब्रेस बांधून दिला. त्याच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात, आणि तो बांधला की गुडघा वाकवू म्हटलं तरी वाकत नाही. काही आठवडे हा काढायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

पुढच्या रविवारी मी रिक्षाने वाडीला गेलो. बहीण म्हणाली की दादा, तू आता घरी बस. मी बसणाऱ्यांतला नव्हतो. भाचीने फोन नेहमीच्या खुणेवर लावला, चित्रण सुरू केलं आणि सराव सुरू करायला गेली. बाटली कलंडल्यासारखी वाटली म्हणून मी ब्रेस बांधलेला पाय ओढत फोनपुढून गेलो, बाटली नीट केली आणि परत आलो. माझ्या डोक्यात काही नव्हतं.

सराव संपल्यावर भाचीनेच चित्रफीत ॲपमध्ये टाकली. ॲपला माणसा-माणसांत फरक कळत नाही. समोरून जो गेला त्याच्या पायावर त्याने ठिपके ठेवले. पहिला मी होतो.

तिने चित्र तिथेच थांबवलं. मग फोन माझ्यासमोर धरला. धातूच्या पट्ट्यांत बांधलेल्या माझ्या पायावर पिवळी रेषा होती आणि रेषेला कोपरा होता. एकशे अडुसष्ट.

"मामा," ती म्हणाली, "वाकवून दाखवा."

मी प्रयत्न केला. वाकला नाही.

"जोर लावा."

मी जोर लावला. ती हसायला लागली आणि मग एकदम थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नडगीवरची बर्फाची पिशवी तिच्या हातात होती. ती तिने शांतपणे माझ्या गुडघ्यावर ठेवली आणि प्रशिक्षकांना फोन लावायला उठली.

प्रशिक्षक आले तोवर मला पंच्याहत्तरीची गोष्ट आठवली होती. यंत्र दर वेळी तेच सांगत होतं, म्हणून मी ते खरं मानलं होतं. ते दर वेळी तेच सांगत होतं कारण मी त्याला दर वेळी त्याच जागी, चुन्याच्या खुणेवर, मोठ्या शिस्तीने चुकीचं ठेवत होतो. फोन मागे कललेला होता. रस्ता कडेला उतरता होता. गुडघ्याचा ठिपका गुडघ्यावर बसत नव्हता, पँटच्या कापडाला धरून सरकत होता. दुसऱ्या ॲपने दुजोरा दिला तो त्याच चित्रफितीला. हे दुसरं सूत्र नव्हतं, तेच कात्रण होतं.

मी म्हणालो की ॲप काढून टाकू. प्रशिक्षकांना ते पटलं. आपला डोळा परत मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा मघापासून झाला होता. भाची मात्र फोन सोडेना.

"ते चुकते," ती म्हणाली, "पण रोज सारखंच चुकते ना? म्हणजे ब्रेसमधला पाय सरळ. त्याचे एकशे अडुसष्ट. माझेही तेवढेच आले तर मी सरळ. कमी आले तर मी वाकली."

प्रशिक्षक म्हणाले की मग फोन तरी नीट उभा करू.

"नाही. जिथं चुकून राहिला तिथंच चुकू द्या. नाहीतर जुने सगळे बेकार होतील."

जुने म्हणजे मी साठवलेले सगळ्या रविवारांचे व्हिडिओ. माझी ही सवय त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडली. तिने सरावाची सुरुवात आणि शेवट शेजारी ठेवून पाहिले. आजवर मी फक्त सुरुवात मोजत होतो, कारण शेवटी मला चहा लागायचा. सुरुवातीला तिचा आकडा ब्रेसएवढा, म्हणजे सरळ. शेवटच्या फेऱ्यांत, दमल्यावर, तो पाच-सहा अंशांनी खाली आलेला. एक-दोन अंश तर यंत्र उगीचच इकडे तिकडे करत असे, त्यामुळे आम्ही ते सोडून दिले. पाच-सहा सोडून देता येत नव्हते, आणि ते एका रविवारी नाही, जवळजवळ प्रत्येक रविवारी होते.

प्रशिक्षक सुरुवातीला हेच म्हणाले होते, की ती शेवटी ढिली पडते. आता त्यांनी फक्त शेवटच्या फेऱ्या पुन्हा लावायला सांगितल्या.

उरलेल्या दिवसांत तिने जुनी लांब चाल परत घेतली. लहान पाऊल फक्त शेवटच्या फेऱ्यांसाठी ठेवलं. एवढ्या थोड्या दिवसांत पाय नवी सवय विसरेल आणि त्याला जुनी चाल आठवेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. दर सरावाआधी मी फोनपुढून एकदा लंगडत जायचो, आकडा घ्यायचो आणि खुर्चीत बसायचो. दुकानदार सकाळी काट्यावर वजन ठेवून बघतो, तसा. मी वजन होतो.

चाचणी काटोलला होती, तिथल्या एका कॉलेजच्या मैदानावर. आम्ही एसटीने गेलो. माझा पाय वाकत नसल्यामुळे तो मधल्या वाटेत पसरलेला होता, आणि संत्र्यांच्या पेट्यांचे भाव बोलत चढलेला प्रत्येक जण त्याला अडखळून माझी विचारपूस करत होता. भाची खिडकीशी बसून बाहेर बघत होती.

शर्यत सुरू झाली. मी दोरीमागे खुर्ची मिळवून बसलो होतो आणि फोन, सवयीने, बाटलीला टेकवला होता. अर्ध्या अंतरापर्यंत ती दुसरी होती. मग फळ्यावर तिच्या नंबरापुढे पहिली लाल खूण आली. गुडघ्याची. थोड्या वेळाने दुसरी. प्रशिक्षक माझ्या शेजारी उभे होते, ते बसले. अजून तीन फेऱ्या होत्या. मागच्या वर्षी ती अशा दोन खुणांनंतरच बाद झाली होती.

तिने फळ्याकडे पाहिलं. पुढच्या वळणावर तिचं पाऊल लहान झालं. वेग दिसावा इतका कमी झाला. सरावात तिला मागे टाकू लागलेली मुलगी मागून येत होती आणि दोघींतलं अंतर प्रत्येक फेरीला घटत होतं. भाचीने वेग वाढवला नाही. कडेला उभा असलेला एक पंच तिच्याबरोबर मान वळवत राहिला. त्याच्याकडे फोन नव्हता, चुन्याची खूण नव्हती, कसलंही ॲप नव्हतं. तो वाकून तिच्या गुडघ्याकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यावर सगळं ठरणार होतं. मी आयुष्यभर असल्या एका माणसाच्या शब्दावर बातमी सोडली नव्हती.

तो सरळ उभा राहिला आणि मागून येणाऱ्या मुलीकडे बघू लागला.

भाची दुसरी आली. मागची मुलगी काही पावलांवर होती. फळ्यावर दोनच खुणा होत्या. तरी मी प्रशिक्षकांना पंचांच्या टेबलाकडे पाठवलं, यादीवर नाव बघून या म्हणून. ते जाऊन आले आणि त्यांनी होकाराची मान हलवली. मी त्यांना पुन्हा पाठवलं. दुसऱ्यांदा ते टेबलाशी गेले नाहीत, कडेला जाऊन चहा पिऊन आले आणि म्हणाले, "हाय भाऊ. संघात हाय."

ती बूट काढून माझ्या खुर्चीशी गवतात बसली. बऱ्याच वेळाने तिने फोन मागितला. शेवटच्या फेरीची चित्रफीत तिने ॲपमध्ये टाकली आणि वाचून दाखवली.

"एकशे चौऱ्याऐंशी."

म्हणजे गुडघा उलट्या बाजूला वाकला होता. जागा नवी होती, बाटलीही वेगळी होती. प्रशिक्षक म्हणाले की असं चालणाऱ्याला कोणतं कार्ड देतात ते त्यांना माहीत नाही.

ती हसली, फोन परत दिला आणि माझ्या पायाकडे बघितलं. "मामा, तुमचा ब्रेस कधी निघते?"

मी सांगितलं, सोमवारी.

"नका काढू. आंतरविद्यापीठ स्पर्धेले दोन महिने हायेत. मले लागते तो."

सोमवारी डॉक्टरांनी ब्रेस काढला, गुडघा वाकवून पाहिला आणि तो आता पूर्ण बरा आहे, ब्रेस फेकून द्यायला हरकत नाही, असं सांगितलं. मी तो पिशवीत घातला. रविवारी सकाळी वाडीत, गोदामाच्या फाटकापाशी, मी तो धडधाकट पायावर पुन्हा बांधतो आणि चुन्याच्या रेषेवरून एकदा लंगडत जातो. चालक आता काही विचारत नाहीत. भाची आकडा बघते, मान हलवते आणि चालायला सुरुवात करते.